कांचेच्या बेडकाचें अपत्यपालन

आपल्या वाङ्मयांत बेडकाच्या वाट्यास खरा मान आला तो एकदांच, आणि तोहि फार प्राचीन काळीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत मंडूकांवर एक सबंध सूक्त आहे. पावसाच्या सरींबरोबर जागे होऊन बोलूं लागणार्‍या बेडकांना त्यांत यज्ञांतील ब्राह्मणांची उपमा दिली आहे. ती उपमा थट्टेची कीं गौरवाची, यावर पंडितांचा जुना वाद आहे. तो येथें सोडविण्याचा आमचा विचार नाहीं. पुढें मात्र या प्राण्याची जी घसरण झाली ती थेट कूपमंडूकापर्यंत. अल्पज्ञ, आत्मसंतुष्ट आणि उगाच ओरडणारा, एवढीच त्याची कीर्ति आपल्या बोलण्यांत उरली आहे. या महिन्यांत ज्या बेडकाची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे त्याचा विहिरीशीं कांहीं संबंध नाहीं. तो राहतो झर्‍यावर झुकलेल्या झाडाच्या पानाखालीं, आणि तेंहि आपल्यापासून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांत व त्याच्या आसपास.

उत्तर आणि दक्षिण अमेरिका यांना जोडणारी जी अरुंद भूपट्टी नकाशांत दिसते तींत, पनामाला लागूनच, हा चिमुकला देश आहे. एका अंगास पॅसिफिक महासागर, दुसर्‍या अंगास कॅरिबियन समुद्र, मधून डोंगरांची रांग, आणि वर्षांतले कित्येक महिने पाऊस. अशा ओल्या अरण्यांतून वाहणार्‍या ओढ्यांच्या कांठीं कांचबेडकांचें कूळ नांदतें. या कुळांत आजवर दीडशेंहून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व अमेरिका खंडांतल्या. आपल्या देशांत त्यांपैकीं एकहि नाहीं.

आमच्या चरित्रनायकाचें शास्त्रीय नांव हायालिनोबॅट्रॅकियम व्हॅलेरिओआय. नांव जिभेला जड आहे खरें, पण विग्रह केला कीं भीति उरत नाहीं. ग्रीक भाषेंत ‘हायालोस’ म्हणजे कांच आणि ‘बॅट्राखोस’ म्हणजे बेडूक; तेव्हां पहिलें पद म्हणजे आपला ‘काचमंडूक’च. दुसरें पद मॅन्युएल व्हॅलेरिओ या कोस्टा रिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या नांवावरून आलें आहे. एमेट रीड डन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३१ सालीं या जातीचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. पुरता वाढलेला नर दोन-सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे इंचाहूनहि थोडा आंखूडच. मादी त्याहून किंचित् मोठी. पाठीवर हिरव्या रंगाचें जाळें आणि त्या जाळ्याच्या घरांत पिवळे ठिपके. पण खरी मौज पोटाकडून. हा प्राणी कांचेच्या भांड्यास चिकटून बसला असतां खालून पाहावें, तर पोटाची कातडी जणूं नाहींच. लाल हृदय प्रत्यक्ष ठोके देतांना दिसतें. यकृत व आंतडीं तेवढीं एका पांढर्‍या चकचकीत आवरणाखालीं झांकलेलीं असतात. ज्याच्या काळजाचा ठोका परक्याला डोळ्यांनीं मोजतां येतो असा प्राणी सृष्टींत विरळाच.

पावसाळा लागला कीं नर झर्‍याच्या पाण्यावर लोंबणारें एखादें रुंद पान निवडतो आणि त्याच्या खालच्या बाजूस उलटा चिकटून रात्रीं बारीक, शिटीसारखा आवाज काढूं लागतो. तें पान त्याचें वतन. तेथें दुसर्‍या नराचें पाऊल पडलेलें त्याला खपत नाहीं. आवाज ऐकून मादी येते, पसंत पडल्यास त्याच पानाच्या खालच्या अंगास अंडीं घालते आणि निघून जाते. अंडीं तीसएक असतात. सर्वांस मिळून एक बुळबुळीत, आरपार दिसणारा लगदा, आणि तो पानास घट्ट चिकटलेला. येथून पुढें सुमारें दोन आठवडे, पिल्लें बाहेर पडून खालच्या पाण्यांत टपटप गळेपर्यंत, त्या लगद्याचा वाली एकटा बाप.

इतक्यांत आणखी एखादी मादी येऊन त्याच पानावर आपलीं अंडीं ठेवून जाते. कांहीं दिवसांनीं तिसरी येते. म्हणजे एकाच पानाखालीं कालचीं अंडीं, आठवड्यापूर्वींचीं अंडीं आणि आज-उद्यां फुटणारीं अंडीं अशीं सर्व एकत्र नांदतात. सर्वांवर देखरेख करणारा एकच, आणि प्रत्येकाची गरज निराळी! ज्या घरांत एकाच ओसरीवर पाळणा, पाटी आणि कॉलेजचीं पुस्तकें हीं तिन्ही असतात, त्या घरांतील वाचकांस याचें नवल वाटूं नये.

आतां बाप तेथें बसून करतो काय, हा प्रश्न. पहिलें उत्तर पहार्‍याचें, आणि तें खरेंहि आहे. या अंड्यांना शत्रु पुष्कळ. गांधीलमाशी येते आणि लगद्यांतून एकेक अंडें उपसून नेते. कांहीं माश्या आपलीं अंडीं त्यांतच घालतात व त्यांच्या अळ्या आंतून फराळ करतात. रातकिडे आहेत, खेकडे आहेत, रात्रीं पानावरून सरकत येणारे सापहि आहेत. रॉय मॅकडायर्मिड या शास्त्रज्ञानें कोस्टा रिकांतील एका ओढ्यावर या जातीची व तिच्या एका भाऊबंद जातीची तुलना करून ती १९७८ सालीं प्रसिद्ध केली. दोन्ही जातींत बापच अंडीं राखतो. फरक इतकाच कीं भाऊबंद जातीचा बाप रात्रीं हजर असतो आणि दिवस उजाडला कीं दुसरीकडे निजावयास जातो. आमचा नायक मात्र दिवसाहि अंड्यांच्या शेजारींच पडून असतो. गांधीलमाशीचा उद्योग दिवसाचा. तेव्हां या चोवीस तासांच्या पहार्‍याचा लाभ कोणास झाला हें सांगावयास नको. शिवाय त्याच्या पाठीवरचे पिवळे ठिपके आणि मधलें हिरवें जाळें दुरून पाहिलें तर हुबेहूब अंड्यांचा लगदाच भासतो. यामुळें शत्रूची दृष्टि फसत असावी असा तर्क आहे. तर्क सुंदर आहे. पण तर्क हा तर्कच, तो सिद्धान्ताच्या पंक्तीस बसवूं नये.

संस्कृत शिकविणार्‍या माणसास येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. जुने वैयाकरण ‘पितृ’ शब्द ‘पा’ धातूपासून साधतात. पा म्हणजे रक्षण करणें. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ति मानीत नाहींत, तो भाग निराळा. पण धातुपाठांत ‘पा’ दोन आहेत. एक रक्षणाचा, दुसरा पिण्याचा. विद्यार्थी त्यांत नेहमीं घोटाळा करतात आणि मार्क गमावतात. या बेडकाच्या बाबतींत मात्र तो घोटाळाच खरा ठरला. कारण पुढील संशोधनांत असें निष्पन्न झालें कीं पहार्‍याइतकेंच, किंबहुना कित्येक वेळां त्याहून मोठें, असें कांचबेडूक बापाचें काम म्हणजे मुलांना पाणी पाजणें.

याची उकल अशी आहे. कोंबडीच्या अंड्यास कवच असतें. बेडकाच्या अंड्यास नसतें. पाण्यांत घातलेल्या अंड्यांस त्याची उणीव भासत नाहीं, पण हवेंत लोंबणार्‍या अंड्यांचें मरण कोरडेपणांत आहे. पाऊस दोन दिवस थांबला, वारा सुटला, कीं लगदा आक्रसूं लागतो. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं; ओल्या जागीं बसून पोटाच्या व मांड्यांच्या कातडींतून तो तें शोषून घेतो आणि मूत्राशयांत सांठवितो. हा सांठा घेऊन बाप अंड्यांवर पोट टेकून बसतो आणि तें पाणी त्यांस देतो. लगदा पुन्हां फुगतो. जेसी डेलिया व त्याचे सहकारी यांनीं दक्षिण मेक्सिकोंत फ्लायश्मान याच्या नांवानें ओळखल्या जाणार्‍या एका जवळच्या जातीवर हें काम केलें व २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांस असें आढळलें कीं हवा कोरडी असेल त्या दिवसांत बाप अंड्यांवर अधिक वेळ बसतो आणि पाऊस असेल तेव्हां कमी. म्हणजे हा ठराविक पाठ म्हणणारा नोकर नव्हे. मुलांची अवस्था पाहून तो आपलें काम बेततो.

याच मंडळींनीं पुढें एक कठोर वाटणारा प्रयोग केला. कांहीं अंड्यांवरून त्यांनीं बापास दूर नेलें आणि काय होतें तें पाहिलें. पुष्कळ अंडीं सुकलीं, कांहीं भक्षकांनीं खाल्लीं, हें अपेक्षितच होतें. अपेक्षेबाहेरची गोष्ट जीं जगलीं त्यांची. जीं पिल्लें बाहेर पडण्याइतकीं मोठीं झालीं होतीं तीं नेहमींच्या मुदतीची वाट न पाहतां अंडें फोडून पाण्यांत उतरलीं. बापाच्या पोटाखालच्या त्यांच्या भावंडांनीं मात्र आणखी कित्येक दिवस आंत राहून आपली वाढ पुरी केली. हा वृत्तान्त २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. सुभद्रेच्या उदरांत चक्रव्यूहाचा भेद ऐकणारा अभिमन्यु आपणां सर्वांस ठाऊक आहे. येथें तर मोहरीच्या दाण्याहून थोडासा मोठा जीव, पाणी आटूं लागलें म्हणजे पाठीराखा गेला, इतकें ओळखतो आणि अपुर्‍या तयारीनें कां होईना, घर सोडतो. तयारी अपुरी राहिल्याची किंमत पडते. लवकर निघालेल्या पिल्लाचीं तोंड, आंतडीं, शेपटी हीं सर्वच कच्चीं असतात, आणि खालीं पाण्यांत मासे वाट पाहत असतात.

बाहेर पडलेलीं हीं पिल्लें, ज्यांस मराठी शास्त्रग्रंथांत भैकेर म्हणतात, ओढ्याच्या तळीं साचलेल्या पाल्यांत व चिखलांत शिरून बसतात. अंग लांबट, वळवळणारें. कातडींत रंग जवळजवळ नाहींच, त्यामुळें आंतील रक्त दिसून कांहीं जातींचीं पिल्लें तांबूस दिसतात. तेथें त्यांचे कित्येक महिने जातात. त्या काळांत त्यांना ना आई, ना बाप.

आईचें नांव निघालें तेव्हां एका गोष्टीचा उलगडा करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. वरील हकीकत वाचून आमच्या भगिनीवर्गापैकीं कांहींजणी हंसल्या असतील आणि पुरुषवर्गापैकीं कांहींजणांनीं मान ताठ केली असेल. दोघांनींहि थोडें थांबावें. कांचबेडकांच्या कित्येक जातींत बाप अंड्यांकडे फिरकत नाहीं, आणि आईहि दिसत नाहीं. त्यामुळें अशा जातींत अंडीं निराधार असतात असेंच शास्त्रज्ञ फार वर्षें लिहीत आले. मग डेलिया व त्याच्या दोन सहकार्‍यांनीं निरनिराळ्या देशांतील अनेक जातींवर रात्रभर जागून नजर ठेवली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानें जुनें मत उलटें केलें. या जातींतील आई अंडीं घातल्याबरोबर जात नाहीं. त्याच रात्रीं ती कित्येक तास अंड्यांवर बसून राहते, आपल्या अंगांतील पाणी त्या लगद्यास देते, तो फुगून पुरता ओला झाला म्हणजे पहाटेच्या आधीं निघून जाते, आणि पुन्हां येत नाहीं. त्या तासांत तिला उचलून नेलें तर अंडीं मोठ्या प्रमाणांत मरतात. हजेरी घेणारा दुसर्‍या दिवशीं उजाडल्यावर आला, त्यानें आईच्या नांवापुढें गैरहजर असा शेरा मारला, आणि तो शेरा ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेला! शास्त्रज्ञांचा आतां असा अंदाज आहे कीं या कुळांत आईचें हें एका रात्रीचें काम मूळचें, आणि बापाची दीर्घ सेवा त्यानंतर, निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणें उत्पन्न झाली. जेथें बापानें ती पत्करली, जसें आमच्या नायकाच्या शाखेंत, तेथें आई लवकर मोकळी झाली. घरांतील कामाची वांटणी पाहुण्यास एका भेटींत कळत नाहीं, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

मादी नराची पारख कशावरून करते, याचाहि शोध लागला आहे. ब्राझीलमधील अमेझॉनच्या अरण्यांत याच शाखेची कॅपेली नांवाची एक जात आहे. तिच्यावरील निरीक्षण २०२० सालीं प्रसिद्ध झालें. नराचा आकार किंवा त्याच्या पानाची ऐसपैस जागा यांपेक्षां, तो आधींचीं अंडीं संभाळीत बसला आहे कीं नाहीं, याला माद्या अधिक महत्त्व देतात असें त्यांत दिसून आलें. ज्याच्या पदरीं मुलें आहेत व जो त्यांची निगा राखतो, त्याच्याकडे आणखी मुलें सोंपविलीं जातात. आपल्याकडील स्थळें पाहणार्‍या मंडळींस हा न्याय चमत्कारिक वाटेल. पण बेडकीजवळ पत्रिका नसते, प्रत्यक्ष पुरावा तेवढा असतो.

आतां पारदर्शकतेविषयीं. दिवसा उजेडांत पानाखालीं निजलेल्या बेडकास पक्ष्यांची व इतरांची भीति मोठी. कातडी व स्नायु कांचेसारखे झाले तरी रक्ताचें काय? रक्त लालच राहणार. या कोड्याचें उत्तर अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत कार्लोस टाबोआडा, डेलिया व त्यांचे सहकारी यांनीं २०२२ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केलें, आणि तें वाचून आम्ही खरोखर थक्क झालों. फ्लायश्मानच्या कांचबेडकास झोंप लागली कीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींपैकीं सुमारें ८९ टक्के पेशी यकृतांत जाऊन गच्च बसतात. यकृतावर तें पांढरें, आरशासारखें आवरण असतेंच. त्याआड लाली लपते, आणि बेडूक जागेपणींपेक्षां दुप्पट-तिप्पट पारदर्शक होतो. जाग आली, हालचाल सुरू झाली, कीं पेशी पुन्हां शिरांतून वाहूं लागतात. माणसाच्या शरीरांत रक्त असें एका जागीं दाटून बसलें तर त्याची गांठ होऊन प्राणावर बेततें. या बेडकाच्या रक्ताची गांठ कां होत नाहीं, हा प्रश्न आतां वैद्यकाच्या दृष्टीनेंहि मोठा झाला आहे.

इतका सुंदर आणि इतका लहान प्राणी म्हटल्यावर मनुष्याची दृष्टि लागावयाचीच. कांचेच्या पेटींत ठेवून शोभा पाहण्यासाठीं हे बेडूक चोरून परदेशीं नेले जाऊं लागले. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्यें पनामा येथें भरलेल्या वन्य प्राण्यांच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेंत कांचबेडकांचें सबंध कूळ नियंत्रित व्यापाराच्या यादींत घालण्याचा ठराव झाला. आमच्या नायकाची जात सुदैवानें आज निर्वंशाच्या दारांत उभी नाहीं. पण कोस्टा रिकाच्या डोंगरांतील सोनेरी भेक १९८९ नंतर कोणास दिसलेला नाहीं, आणि बेडकांच्या कातडीस लागणार्‍या एका बुरशीनें त्या भागांतील किती तरी ओढे मुके केले आहेत. शिवाय या प्राण्याचा संसार एका पानावर चालतो. पाण्यावर झुकलेलीं झाडें तोडलीं कीं ओढा वाहत राहिला तरी याचें घर गेलें, आणि उन्हाचा ताप वाढून पाऊस लांबूं लागला कीं बापाच्या पोटांतील पाणी किती दिवस पुरणार?

आपल्या सह्याद्रींत कांचबेडूक नाहींत, परंतु ओढ्याकांठीं उघड्या हवेंत अंडीं घालणारे बेडूक आहेत, आणि त्यांची ओळख आपल्यापैकीं फारच थोड्यांस आहे. पक्षिशास्त्रज्ञ हुमायुन अब्दुलअली यांचें नांव धारण करणारा एक रातबेडूक महाराष्ट्रांतील घाटांत, कोयनेच्या आसपासहि, आढळतो. त्याची मादी पाण्यावर आलेल्या पानांवर वा ओल्या खडकांवर अंडीं घालते. त्याच्या समागमाची रीत जगांतील इतर बेडकांहून वेगळी असल्याचें २०१६ सालीं सिद्ध झालें. दक्षिणेस, कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यांत, याच गणांतील दुसर्‍या एका जातीचें वर्णन २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. तिचा नर अंडीं घातलीं जातांच पुढच्या पायांनीं ओढ्यांतील चिखल उचलतो आणि त्यांवर नीट लिंपून टाकतो. म्हणून शास्त्रज्ञांनीं तिला कानडींतील ‘कुंबार’ म्हणजे कुंभार हें नांव दिलें.

पावसाळ्यांत जे वाचक सहकुटुंब कोंकणांत किंवा घाटावर जातील, त्यांनीं संध्याकाळनंतर एखाद्या ओढ्याच्या कांठीं कंदील अगर विजेची बत्ती घेऊन पानांच्या खालच्या बाजू अवश्य पाहाव्या. मुलांस बरोबर न्यावें. अंडीं आढळल्यास बोट लावूं नये, पान वळवूं नये, आणि शेजारीं बेडूक बसलेला असेल तर बत्ती लगेच बाजूस घ्यावी.